मिठाच्या पाण्यात ठेवलेली लस

आमच्या घरात बारा महिने बर्फ असायचा. ज्या गावात चैत्र लागला की बायका घागरी घेऊन विहिरीच्या तळापर्यंत उतरायच्या, त्या गावात आमच्याच एका घरात पाणी दगडासारखं घट्ट होऊन बसलेलं असे. कवठे महांकाळपासून आत, कुसळं आणि बाभळींच्या मुलखात आमचं गाव. वडिलांना आम्ही आण्णा म्हणायचो, गाव त्यांना फौजी म्हणायचं. लष्करात ते थंड करणारी यंत्रं दुरुस्त करायचे. पेन्शन घेऊन आले आणि घरालगतच्या खोलीत त्यांनी गारेगारचा कारखाना घातला. कारखाना हा गावाचा शब्द. खरं तर एक जुना कॉम्प्रेसर आणि आतून पत्रा ठोकलेली एक भलीमोठी लाकडी पेटी, एवढाच तो कारभार. पेटीत खारट पाणी भरलेलं असायचं. मिठाचं पाणी स्वतः गोठत नाही, पण बर्फाहूनही गार होतं. त्यात साचे सोडायचे, साच्यात साखरेचं आणि सॅकरीनचं रंगीत पाणी, वर काड्या. दोन-तीन तासांत लाल-पिवळ्या कांड्या तयार.

त्या कॉम्प्रेसरचा धक-धक आवाज म्हणजे आमच्या घराचा श्वास होता. लाईट गेली की तो थांबायचा आणि आई भाकरी थापता थापता हात तसाच धरून थांबायची. "गेली व्हय?" म्हणायची, आणि मग पुन्हा थापायला लागायची. मिठाच्या पाण्यानं तिच्या बोटांना भेगा पडलेल्या असत, त्यात चटणीचं तिखट जाऊन झोंबायचं, म्हणून ती भाकरीचा तुकडा दोन नखांनी उचलून खायची. आमचं जेवण साधंच होतं, बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं, शेंगदाण्याची चटणी. पण पाहुणा आला की आण्णा ताकात बर्फाचा खडा टाकून द्यायचे, आणि पाहुणा तो खडा तांब्यात खुळखुळवत बसायचा. आजही कुणाच्या घरी गेले आणि पेल्यात बर्फ वाजला की माझं जेवणावरचं मन उडतं.

न खपलेल्या आणि मोडलेल्या कांड्या आई पातेल्यात वितळवून दुसऱ्या दिवशी पुन्हा साच्यात ओतायची. लहानपणी मी एकदा विचारलं होतं, दोनदा केलेली कांडी वाईट होत नाही का? ती म्हणाली, "पान्याचं काय जातंय? गोठलं तर बर्फ, सुटलं तर पानी." आमच्या घरात हे वाक्य वेदासारखं होतं. ते किती खरं आणि कुठं खोटं हे कळायला मला कॉलेजात जावं लागलं.

रूथबाई आमच्या गावाला नर्स म्हणून आल्या तेव्हा मी नववीत होते. मिरजेत शिकलेल्या, चाळिशीच्या, एकट्या. पांढरं पातळ, हातात घड्याळ आणि चालणं असं की मागून येणाऱ्याला पळावं लागायचं. महिन्यातून एकदा तालुक्याहून लशींचा डबा घेऊन यायच्या आणि शाळेच्या ओट्यावर लहान पोरांना सुया द्यायच्या. दुपारचं जेवण आमच्याकडं. आण्णांचं त्यांच्याशी जमायचं, कारण लष्करात सुई घेण्याबद्दल कुणाला विचारत नाहीत. "हातावर टोच, पुढं चल. ना ताप, ना बहाना," असं ते हिंदी मिसळून सांगायचे. मला दहावीनंतर सायन्सला घाला, हे आण्णांच्या गळी उतरवलं रूथबाईंनी. आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली. त्या पदवीचं श्रेय कुणाला द्यायचं याबद्दल माझ्या मनात कधीच शंका नव्हती. म्हणूनच पुढचं लिहायला हात जड होतो.

मी अकरावी सायन्सला होते त्या साली दिवाळीच्या आधी रूथबाई डबा घेऊन आल्या त्या दिवशी गावात एक मयत झालं. आमच्याकडं प्रेत गावात असताना कुणी चूल पेटवत नाही, मग लेकरू घेऊन सुई टोचायला कोण येणार? रूथबाई ओट्यावर बसून राहिल्या. आली ती एकटी हिराबाई. ती धनगराची, वाडा गावाबाहेर, त्यामुळं तिला मयताचं कळलंच नव्हतं. बावीस वर्षांची असेल. पदराखाली तीन महिन्यांचा मुलगा, बिरू. तीही सुई घ्यायला नव्हे, भांडायला आली होती.

"आवं बाई, तुमी मानसं धाडून बलीवता. चांगलं हसतंय खेळतंय लेकरू, त्येला रोग कशापायी टोचायचा?"

"रोग नाही गं टोचत. बस अशी. तुमच्या वाड्यावर कुत्री आहेत ना?"

"हायती की. तीन हायती."

"पिल्लू असतं तेव्हा त्याला लांडगा कसा कळतो?"

हिराबाई हसली. "आमचा म्हातारा लांडग्याचं जुनं कातडं हुंगवतोय की पिल्लाला. एकदा वास नाकात बसला की मग लांब माळावर लांडगा असला तरी बी गुरगुरतंय."

"कातडं पिल्लाला चावतं का?"

"कातडं कशाला चावंल? खुळ्या का काय तुमी!"

"मग ही सुई म्हणजे कातडंच. आतला लांडगा मेलाय. तुझ्या पोराच्या रक्तात राखणीची कुत्री आहेत, सगळ्यांच्याच असतात. पण त्यांनी लांडगा बघितलेला नाही. खरा आला तर ओळखेपर्यंत तो कोकरू घेऊन जाईल. आधी वास दिला की ती तयार राहतात. थोडा ताप येईल, म्हणजे कुत्री गुरगुरली असं समज. एकदा हुंगवून भागत नाही, महिन्यानं पुन्हा, मग पुन्हा. तीनदा."

शरीराची राखण कशी चालते यावर मी पुढं जाडजाड पुस्तकं वाचली. पांढऱ्या पेशी, त्यांनी बनवलेली प्रतिद्रव्यं, एकदा भेटलेल्या जंतूची वर्षानुवर्षं आठवण ठेवणाऱ्या पेशी. परीक्षेत पानंच्या पानं लिहिली. पण त्या ओट्यावर ऐकलं त्याहून सरळ मला कुणी सांगितलं नाही. हिराबाई बिरूच्या टाळूवर हात फिरवत म्हणाली, "मंग उद्या समद्यांच्या बरुबर आनते. एकल्याला नको." आणि गेली.

आता अडचण अशी की तालुक्याला परत जाणारी गाडी निघून गेली होती आणि डब्यातला बर्फ सुटत आला होता. रूथबाई डबा घेऊन आमच्या घरी आल्या. आण्णा मयताला गेलेले. शेजारच्या वस्तीवर एक बाई अडलेली आहे असा निरोप आला आणि रूथबाईंना तिकडं जायचं होतं. त्यांनी मला समोर बसवलं. "शैला, नीट ऐक. दिवस मावळताना यातला बर्फ बदल. पण कडक बर्फ घालू नकोस. आधी बाहेर ठेव, पाणी सुटायला लागलं की मग घाल. पोलिओच्या बाटल्यांचं काही नाही, पण ही घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वाताची त्रिगुणी बर्फाला चिकटता कामा नये. गार हवी, गोठायला नको. कळलं?" मी हो म्हटलं. का गोठायला नको हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. घाईत होत्या. मला वाटलं, काच तडकेल म्हणून.

मावळतीला लाईट गेली. कॉम्प्रेसर थांबला. मी डबा उघडून बघितला तर आत नुसतं पाणी, बाटल्या तरंगतायत. साच्यातला बर्फ बाहेर काढून ठेवला तर तो बघता बघता निम्मा झाला, ऑक्टोबरची तलखी होती. मला धडकी भरली. सायन्सची विद्यार्थिनी म्हणून माझ्यावर सोपवलेलं हे पहिलं काम. रात्रभर लाईट आली नाही तर? गावातली सगळी पोरं उद्या येणार. आणि घरात एकच जागा अशी होती की लाईट नसली तरी सकाळपर्यंत गार राहते. मिठाच्या पाण्याची पेटी. मी बाटल्या एका पितळी डब्यात घातल्या, झाकण लावलं आणि डबा पेटीत सोडला. जितकं गार तितकं चांगलं, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी बर्फाच्या घरातली पोरगी होते.

सकाळी डबा काढला तर त्रिगुणीच्या बाटल्या आतून पांढऱ्या. हलवल्या तर काहीच हललं नाही. काच मात्र एकही तडकली नव्हती. दारात रूथबाईंचा आवाज आला, त्या आईशी बोलत होत्या, वस्तीवरची बाई सुटली, मुलगी झाली म्हणून सांगत होत्या. मी बाटल्या दोन्ही मुठींत धरल्या, काखेत धरल्या, परकराला पुसल्या. पातळ झाल्या. पुन्हा नेहमीच्या डब्यात, सुटत्या बर्फात ठेवून दिल्या. पाण्याचं काय जातंय?

त्या आत आल्या, डबा उघडला, एक बाटली उजेडाकडं धरली. तळाशी गाळ बसला होता. त्यांनी बाटली हलवली, तो वर आला, बारीक कण फिरत राहिले. त्या माझ्याकडं वळल्या. "गोठलं नव्हतं ना गं?"

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी बाटली ठेवली, डबा बंद केला. माझ्यावर विश्वास टाकायला त्यांना एक क्षणही लागला नाही.

त्या दिवशी बरीच पोरं आली. हिराबाई बिरूला घेऊन सगळ्यांत शेवटी. टोचल्यावर तो इतका मोठ्यानं रडला की ओट्यावरच्या बाया हसल्या. "राखणदार झाला गं तुजा!" कुणीतरी म्हणालं. मग आठवडाभरात एकेकीच्या तक्रारी यायला लागल्या, पोरांच्या मांडीवर सुईच्या जागी कडक गाठी आल्या होत्या. रूथबाईंनी हात लावून बघितलं, पोरांचे ताप बघितले. त्यांच्या कपाळावरची आठी मला आजही दिसते. दिवाळी झाली आणि धनगर मेंढरं घेऊन बाहेर पडले. दुसऱ्या सुईला बिरू गावात नव्हता.

ते परत आले तेव्हा त्याला खोकला होता. डांग्या खोकला ज्यांनी ऐकला नाही त्यांना सांगून कळणार नाही. उबळीवर उबळ, मध्ये श्वास घ्यायला फट नाही, पोर निळं पडतं, आणि सरतेशेवटी हवा आत ओढताना कोंबडं आरवावं तसा आवाज. त्यांचा वाडा आमच्या घरामागच्या रानात उतरला होता. कॉम्प्रेसर बंद असला की तो आवाज आमच्या स्वयंपाकघरात यायचा. आई भाकरी थापता थापता थांबायची, पण आता "गेली व्हय?" म्हणायची नाही. गावातली आणखी तीन-चार पोरं खोकायला लागली, सगळी त्याच दिवशी सुई घेतलेली. ती महिना-दोन महिने झिजून वाचली. बिरूला रूथबाईंनी स्वतः मांडीवर घेऊन जीपमधून मिरजेला नेलं. तो परत आला नाही.

पाच दिवसांनी रूथबाई ओट्यावर येऊन बसल्या. कुणी आलं नाही. मग बाया आल्या, पण पोरांशिवाय.

"टोचूनबी पोर गेलं की वो बाई. मंग टोचायचं कशाला?"

"न टोचलेली आमची चांगली हायती. ह्यांचीच खोकत्यात."

"कुत्री कुटं गेली हुती तुमची?" हे हिराबाईच्या सासूनं विचारलं. हिराबाई नुसती उभी होती.

रूथबाई नोंदवही उघडून तारखा बघत राहिल्या. "मला कळत नाही," एवढंच म्हणाल्या. मी आमच्या दारात उभी होते. माझ्याकडून गोठलं होतं, हे मला माहीत होतं. त्यानं लस मरते, हे माहीत नव्हतं. आजवर मी या वाक्याचा आडोसा घेत आले. पण खरं लिहायला बसले आहे तर लिहिते: बाटल्या काखेत धरून पातळ करताना मला एवढं नक्की कळत होतं की मी काहीतरी लपवते आहे. ते काय आहे, हे मी कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं.

पुढचे सहा महिने गावानं एक पोर ओट्यावर आणलं नाही. कुणी त्यांना शिवी दिली नाही, दगड मारला नाही, नुसतं पाणी विचारायचं बंद केलं. आमच्या घराव्यतिरिक्त. शेवटी त्यांनी मिरजेला बदली मागून घेतली. त्यांची ट्रंक मी स्टँडवर नेली. गाडी यायच्या आधी त्या म्हणाल्या, "शैला, तू सांगलीला जाशील, मोठी पुस्तकं वाचशील. त्यात बघ गं, माझं कुठं चुकलं. सापडलं तर मला कळव." मी मान हलवली.

सापडलं. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, सूक्ष्मजीवशास्त्राच्या तासाला. सर सांगत होते, काही लशी गोठल्या तरी चालतात, काही नाही. त्रिगुणीत तुरटीच्या जातीचा एक क्षार असतो, लशीचा अंश त्याला धरून राहतो आणि शरीराला नीट ओळख पटवून देतो. ती गोठली की त्या क्षाराच्या गुठळ्या होतात, वितळल्यावर तळाशी गाळ बसतो. दिसायला पुन्हा पातळ, पण कामातून गेलेली. टोचल्या जागी गाठही येऊ शकते. "पुन्हा पूर्ववत होत नाही," असं म्हणून सरांनी फळ्यावर रेघ ओढली. शेजारच्या मुली लिहून घेत होत्या. माझी वही मी मिटली. हुंगवायला दिलेल्या कातड्याला वासच राहिला नव्हता. एका सुईनं बिरू वाचलाच असता असं कुणी शास्त्रज्ञ छातीठोकपणे सांगणार नाही, हे मला ठाऊक आहे. तीन लागतात. पण निदान ती एक सुई खरी असायला हवी होती.

शनिवारी घरी जाऊन आण्णांना सांगितलं. ते कॉम्प्रेसरचा पट्टा बदलत होते. सगळं ऐकून घेतलं, हात फडक्याला पुसले. मला वाटलं, लष्करातला माणूस, म्हणेल चल, आत्ताच्या आत्ता गावापुढं उभी राहा. ते म्हणाले, "कुनाला बोल्लीस?"

"नाही."

"मंग बोलू नगंस. तुजं शिक्षान व्हायचं हाय. बोलून पोर म्हागारी येनार हाय व्हय?" आणि पट्टा ओढायला लागले. ते मला वाचवत होते. ते वाचवणं मी घेतलं, याचा मला त्यांच्यापेक्षा माझ्यावर जास्त राग आहे.

तरी सकाळी मी हिराबाईच्या वाड्यावर गेले. ती वाघर, मेंढरं कोंडायचं जाळं, सोडवत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, पेटी, काख, "नाही" म्हटलेलं. ती रडली नाही. बराच वेळ जाळ्याची एक गाठ सोडवत राहिली. मग म्हणाली, "म्हंजी त्या बाईचं काय चुकलं न्हवतं."

"नाही."

"मी तिच्या म्होरं थुकले हुते गं. मिरजंत. दवाखान्याच्या दारात." जाळं खाली टाकून ती उठली. "चल. चावडीम्होरं सांग. म्या सांगून कोन ऐकनार? तू शिकल्याली."

"पुढच्या खेपेला सांगते. आज अकराची गाडी आहे, उद्या प्रॅक्टिकल आहे."

तिनं माझ्याकडं बघितलं ते मी लिहू शकत नाही. मी अकराची गाडी पकडली. पुढच्या खेपेला धनगर निघून गेले होते. त्याच्या पुढच्या खेपेला मीच गेले नाही.

आणि रूथबाई? सांगलीहून मिरज बसनं अर्धा तासही नाही. कॉलेजच्या उरलेल्या वर्षांत मला तो अर्धा तास सापडला नाही. त्या वारल्याचं मला एका लग्नात कुणाकडून तरी कळलं, जेवणाच्या पंगतीत. पानात वाढलेलं सगळं मी खाल्लं.

मला नोकरी लागली ती साताऱ्यात, लशींच्या कोठारात. हे नशीब म्हणू की शिक्षा, कळत नाही. पुण्याकडून येणारी गाडी शिरवळला पोचली की ड्रायव्हरचा फोन यायचा आणि मी दारात जाऊन उभी राहायची. प्रत्येक पेटीतला तापमापक मी स्वतः बघायची. शंका आली तर बाटली हलवून उजेडाकडं धरायची, गाळ किती वेळात बसतो ते मोजायची. नुसत्या संशयावरून बाटल्याच्या बाटल्या बाजूला काढायची. हाताखालची मुलं मागं हसायची, मॅडमना गोठण्याची भीती आहे म्हणून. निरोपाच्या दिवशी माझ्या काटेकोरपणाचं कौतुक झालं, नारळ मिळाला. काटेकोरपणाचं मूळ कुणी विचारलं नाही.

करोनाची लस गावोगाव गेली तेव्हा मी निवृत्त होऊन गावी आले होते. आई-आण्णा नव्हते, पेटी भंगारात गेली होती. ओटा तोच होता. गावातल्या म्हाताऱ्या बाया घराबाहेर निघेनात, म्हणून नर्स मुलीनं मला विनवलं, तुम्ही बसा मॅडम, तुमचं ऐकतील. मी नोंदीच्या वहीपाशी बसले. रांगेत शेवटी काठी टेकत हिराबाई उभी होती. चाळीस वर्षांत आम्ही बोललो नव्हतो. तिचा नंबर आला तशी ती नर्सकडं न जाता माझ्यापुढं आली. तिला दुसरी तीन मुलं झाली होती. एकालाही तिनं ओट्यावर आणलं नव्हतं, हे मला पुढं कळलं होतं.

"शैले, ही बर्फात ठिवल्याली न्हाई न्हवं?"

"नाही," मी म्हटलं.

"तवाबी न्हाईच म्हनली हुतीस."

रांगेतले लोक बघायला लागले. नर्स मुलगी सुई हातात धरून थांबली. हिराबाई काठीवर दोन्ही हात ठेवून म्हणाली, "आदी त्या बाईचं सांग. हितंच सांग, समद्यांफुडं. मंग टोचून घेते."

मी उभी राहिले. आणि सांगितलं. गावानं ज्या नर्सबाईंना दोष दिला त्या रूथबाईंची काही चूक नव्हती, लस मी गोठवली होती, आणि त्यांनी विचारल्यावर मी खोटं बोलले. एवढंच. चाळीस वर्षं अडलेलं सगळं दोन मिनिटांत संपलं. रांगेतला एक तरुण पोरगा मोबाईलवरून नजर उचलून शेजारच्याला म्हणाला, "कोण रूथबाई?"

शेजारच्याला माहीत नव्हतं. त्याच्या शेजारच्यालाही नाही. त्या दिवशी ओट्यावर उभ्या राहून "कुत्री कुटं गेली" म्हणणाऱ्या सगळ्या जणी केव्हाच मातीत गेल्या होत्या. ज्यांनी ऐकायला हवं होतं असं तिथं हिराबाईशिवाय कुणी उरलं नव्हतं, आणि तिला ते आधीच माहीत होतं.

त्या पोराला उत्तर तिनंच दिलं. "हुती एक," ती म्हणाली. "खोटं बोलत न्हवती."

मग माझ्याकडं न बघता तिनं चोळीची बाही वर केली आणि नर्सपुढं दंड धरला.